मंगळवारचं गवत

इथं एक फेब्रुवारीला वसंत लागतो. म्हणजे इथले लोक तसं शपथेवर सांगतात, आणि सांगताना त्यांच्या अंगावर दोन-दोन स्वेटर असतात. आयर्लंडमधल्या पहिल्या वर्षी मी या वसंताला पोट धरून हसले होते. आता मीही एक फेब्रुवारीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणातल्या गवताकडे बघते आणि मनातल्या मनात त्याला म्हणते, उठा राव, झोप पुरे झाली.

यंदा मात्र एप्रिल संपत आला तरी ते उठायचं नाव घेईना. पूर्वेकडून बोचरा वारा, सकाळी गाडीच्या काचेवर हिम, आणि आमच्या सगळ्या किल्डेअर जिल्हाभर कुरणं जुन्या घोंगडीसारखी मळकट पडलेली. शेतकऱ्यांनी हिवाळ्यासाठी साठवलेला चारा संपला. परदेशातून जहाजांनी वाळल्या गवताचे भारे येऊ लागले. ज्या देशात गवताशिवाय दुसरं काही दिसत नाही, त्या देशानं गवत बाहेरून आणायचं, म्हणजे कोल्हापूरनं परगावहून गूळ मागवण्यातलं झालं. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी आईला फोनवर हे सांगितलं, तर तिनं पहिली चौकशी केली ती नोएलच्या गाईंची. मी, माझा नवरा मंदार, तिची नात रेवा, आम्ही सगळे त्या गाईंच्या मागून रांगेत.

नोएल हा मी काम करते त्या मेनूथ गावापासून गाडीनं वीस मिनिटांवर राहणारा, सत्तरीला टेकलेला, लग्न न केलेला शेतकरी. साठ दुभत्या गाई, शेप नावाचा एक कुत्रा आणि बारा कुरणं एवढाच त्याचा संसार. त्या बारा कुरणांत मी दोन वर्षं दर मंगळवारी गवत मोजते आहे. ते माझं कामच आहे, आणि त्याचा मला पगार मिळतो. गावाकडे हे कुणाला सांगायची सोय नाही. इंजिनियर झालेली मुलगी परदेशात जाऊन गवत मोजते म्हटल्यावर लोक आईचंच सांत्वन करायला यायचे.

खरं तर गवतापासून लांब पळण्यासाठीच मी शिकले. वडील शाळामास्तर, पण घरात दोन म्हशी, आणि त्यांचं सगळं आईकडे. पहाटे वैरण, शेण, धारा, आणि मग माझी वेणी. तिच्या हाताला घासाचा हिरवट वास यायचा आणि तो माझ्या केसांना लागायचा. वर्गात मुली नाक मुरडतील म्हणून मी वेणी पुन्हा घालून घ्यायची, शेजारच्या काकूंकडून. आईनं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पुण्याला होस्टेलवर गेले तेव्हा मला हलकं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

मंदार डॉक्टर. दोन हजार आठमध्ये आम्ही त्याच्या नोकरीमागोमाग इकडे आलो, आणि आलो तेच मंदीत. मला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं होतं, ते वर्षभरात गेलं. इथल्या तरुण डॉक्टरांचं दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलतं, म्हणजे आमचं बिऱ्हाड कायम विंचवाच्या पाठीवर. कधी एका टोकाला, कधी दुसऱ्या. शेवटी मंदारला जवळच्या नास गावच्या हॉस्पिटलात कंत्राटी जागा मिळाली आणि मला मेनूथला एका संशोधन प्रकल्पात, आणि रेवाला सलग दोन वर्षं एकच शाळा लाभली. तिची एक जिवाची मैत्रीण झाली. दोघी एकमेकींच्या घरी इतक्या पडीक असायच्या की रेवाचं इंग्रजी ऐकून टेलिफोनवर लोकांना ती इथलीच वाटायची. माझं काम टिकलं तर आम्ही इथं राहणार होतो. नाही तर मंदार लांबची का होईना, पक्की नोकरी घेणार होता, आणि पुन्हा खोकी बांधायची होती.

प्रकल्प ऐकायला सोपा होता. या देशात पाऊस इतका, की जमीन भिजून मऊ होते. तशा जमिनीवर गाई सोडल्या की खुरांनी तिचा चिखल होतो, गवताची मुळं चिरडतात, आणि ते कुरण महिनाभर वर येत नाही. त्याच जमिनीवर शेणपाणी फवारलं तर ते मुरत नाही, ओढ्याला जातं आणि मासे मरतात. म्हणून आम्ही जमिनीत खुपसायची एक पेटी केली होती. ओल किती, ऊब किती, हे ती दर पंधरा मिनिटांनी मोजायची आणि शेतकऱ्याच्या फोनवर रंग पाठवायची. हिरवा म्हणजे गाई सोडा किंवा शेणपाणी फवारा, लाल म्हणजे थांबा. पेटी कुणाच्या कामाची आहे का, हे मात्र टेबलाशी बसून कळणार नव्हतं. त्यासाठी नोएलची बारा कुरणं आम्ही निम्मी-निम्मी वाटली. सहा पेटीच्या सांगण्यावर चालणार, सहा नोएलच्या मनावर. पेट्या बाराही कुरणांत होत्या, पण नोएलच्या बाजूच्या पेट्या गुपचूप नोंद ठेवायच्या, त्याला काही सांगायच्या नाहीत. खत, शेणपाणी, सगळं दोन्हीकडे सारखं. फरक फक्त एवढाच, की गाई कधी सोडायच्या हे इकडे पेटी ठरवणार आणि तिकडे नोएल.

नोएलचं यंत्र म्हणजे त्याची टाच. कुरणाच्या दारात उभं राहून तो बुटाची टाच जमिनीत दाबायचा, थोडी फिरवायचा, मान वाकडी करून जणू काही ऐकायचा, आणि मग म्हणायचा, "ग्रँड," किंवा काहीच म्हणायचा नाही. इथं ग्रँड म्हणजे भव्यदिव्य वगैरे काही नाही. ठीक आहे, चालेल, बरं चाललंय, मरत नाही, या सगळ्याला मिळून तो एक शब्द आहे. आणि पेटीला तो म्हणायचा 'युअर मॅन'. आपण नाही का नाव न घेता 'तो बाबा' म्हणतो, तसं. सकाळी मी गाडीतून उतरले की त्याचा ठरलेला प्रश्न, युअर मॅन आज काय म्हणतो? मी फोन दाखवायची. तो टाच दाबायचा. दोघांचं पटलं तर त्याला आनंद व्हायचा, नाही पटलं तर त्याहून जास्त.

गेल्या वर्षीचे ते मंगळवार आठवले की आधी आवाज आठवतो. गवत मोजायची काठी असते, तिच्यावर पत्र्याची गोल थाळी. काठी टेकवली की थाळी गवताच्या शेंड्यांवर अलगद बसते आणि मुठीपाशी टिक् असं वाजतं. कुरणात नागमोडी चालत जायचं, दर काही पावलांवर टिक्. काठी नोएलच्या हातात, वही माझ्या हातात. मागून शेपच्या ओल्या अंगाचा वास, दूर रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या ट्रॅक्टरचा हात, म्हणजे ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून उचललेलं एक बोट, इथला नमस्कार. नोएल त्याला बोटानंच उत्तर द्यायचा आणि मग तो माणूस कोण, त्याची मुलं कुठं गेली, हे मला पुढच्या दहा टिकांमध्ये सांगायचा. एक सिडनीला, एक टोरोंटोला. त्या वर्षांत त्या रस्त्यावरचं एकही तरुण माणूस मागे राहिलं नव्हतं. अर्धी बांधून सोडलेली घरं होती, खिडक्यांना काच नसलेली, आणि त्यांच्या अंगणात गवत मात्र गुडघाभर. ते कुणी मोजत नव्हतं.

मोजून झालं की चहा. नोएलच्या स्वयंपाकघरात शेगडीवर किटली कायम असायची आणि चहा इतका कडक, की आमच्या गावच्या स्टँडवरच्या चहावाल्यानं कौतुक केलं असतं. पहिल्यांदा मी त्याच्यासाठी पोहे नेले, त्यानं ते काट्यानं एकेक करून खाल्ले आणि नम्रपणे पाणी मागितलं. थालीपीठ शेपला गेलं, असा माझा दाट संशय आहे. पण चकली त्याच्या मनात भरली. तो डबा तो प्रेसमध्ये ठेवायचा. इथं भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. चहाला तो स्वतःसाठी एक चकली काढायचा, डबा बंद करून परत ठेवायचा, आणि मला बिस्किट द्यायचा. मीच आणलेली चकली मला कधी मिळाली नाही.

तिथंच, त्या टेबलाशी, मी चूक केली. मे महिना होता. नोएलनं सहज विचारलं, की हे सगळं कशासाठी, पुढं याचं काय होणार? आणि मी, संशोधक म्हणून मिरवणारी बाई, सांगून बसले. की हंगाम संपला की आकडे बघतील. पेटीच्या बाजूचं गवत तुमच्या बाजूपेक्षा जास्त आलं तर प्रकल्प पुढं चालेल, नाही तर गुंडाळतील. गुंडाळला तर आम्ही इथून जाऊ. रेवाच्या मैत्रिणीबद्दलही सांगितलं, ते तर कशाशीच संबंध नसलेलं. नोएलनं बशीतला चहा संपवला आणि जमिनीत ऊब किती आली आहे एवढंच विचारलं. प्रयोग ज्याच्या हातात आहे त्याला आपल्याला काय हवंय ते सांगायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. मला ते पाठ होतं. पण परक्या देशात कुणी आपुलकीनं विचारलं की माणूस पाठांतर विसरतं.

जूनमध्ये आई आली, तीन महिन्यांसाठी. आणि तिच्याबरोबर पाऊस आला तो तिला विमानात बसवेपर्यंत गेला नाही. रिमझिम, झड, भुरभुर, आपल्याकडे आहेत तेवढे सगळे शब्द मी आईबरोबर वापरून संपवले आणि तरी पाऊस उरला. ऐन उन्हाळ्यात लोकांनी गाई परत गोठ्यात बांधल्या. पेट्या लालच्या लाल. आईला घरात करमेना. टीव्ही कळत नाही, नात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. एका मंगळवारी मी तिला बरोबर घेऊन गेले. नऊवारी, वरून मंदारचा रेनकोट, पायात मोजे घालून चपला. नोएलनं आत जाऊन त्याच्या दिवंगत बहिणीचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले आणि आईसमोर जोडीनं मांडले. ते तिला बरोबर बसले.

त्यानंतर मंगळवारी आईला घ्यायचं राहिलं असतं तर तिनं चालत गाठलं असतं. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत, आणि दुभाषा म्हणून मला मुळीच काम नव्हतं. गाईच्या कासेकडे बोट, पाठीवर थाप, शेणाकडे बघून मान हलवणं, एवढ्यावर त्यांची तासभर चर्चा चालायची. गाईंच्या कानाला नंबराचे बिल्ले बघून ती आधी नाराज झाली होती. हितं गाईला नावानं कुनी हाकच मारत न्हाई व्हय, असं तिनं विचारलं आणि मी ते नोएलला सांगितलं. तो लाजला. मग त्यानं हळूच तीन गाई दाखवल्या. त्यांना नावं होती. बहिणीनं ठेवलेली. ती गेल्यापासून त्यानं ती कुणासमोर उच्चारली नव्हती. आईनं तिन्ही नावं गाईच्या कपाळाला हात लावून तिच्या पद्धतीनं म्हटली. नोएल बघत होता. मला तेव्हा एकदम आईच्या हाताचा तो हिरवट वास आठवला, आणि तो मला अजून हवा आहे, हेही कळलं.

जुलैत चार कोरडे दिवस मिळाले. इतकेच. चारही तारखा मला आजही तोंडपाठ आहेत, कारण त्या चार दिवसांत आम्ही घरातल्या सगळ्या रजया वाळत घातल्या होत्या.

ऑगस्ट लागला तसं पेटीच्या बाजूचं गवत चढू लागलं. काठीवर आकडे बघून माझा माझ्यावर विश्वास बसेना. नोएल ते आकडे असे वाचायचा, की एखाद्या आजोबांनी नातवाचे मार्क वाचावेत. माझ्या बाजूचा आकडा खणखणीत, स्वतःच्या बाजूचा पुटपुटून. मी घरी येऊन मंदारला म्हटलं, जिंकलो बहुतेक. आम्ही त्या रविवारी श्रीखंड केलं, इथल्या दह्याचं, जरा आंबटच झालं. रेवाला म्हटलं, आता आपण कुठं जाणार नाही. ती म्हणाली, "इट्स ओन्ली ग्रास, मॅमी," आणि मैत्रिणीकडे पळाली.

पुढच्या मंगळवारी आई दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेवर थांबली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग वाकून दोन्हीकडचं एकेक पातं तोडून बोटांत चुरगळलं.

"ह्या अंगाला खत जास्त पडलंय गं," ती म्हणाली. "बघ की, काळं पडलंय गवत."

मी हसले. आई, इथं सगळं मोजून मापून असतं, दोन्हीकडे सारखंच खत आहे, असं तिला समजावलं. वेणीच्या वेळी गप्प राहायची तशीच गप्प राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे तिला माहीत होतं. माझ्याकडे मात्र आरसेच आरसे होते आणि कांकण दिसत नव्हतं.

आरशानंही शेवटी तेच दाखवलं. ऑगस्टच्या अखेरीला मी मेनूथला अहवालाचे आलेख काढत बसले होते. पाऊस पडला की ओलीची रेघ वर चढते आणि मग हळूहळू उतरते, असे शेकडो चढउतार. त्यात एका ठिकाणी रेघेला एक लहानशी पायरी होती. पावसाशिवाय. तारीख बघितली तर रजया वाळवल्या त्या चार दिवसांतली. शेजारच्या कुरणातही पायरी, पण वीस मिनिटांनी पुढं. त्याच्या पुढच्या कुरणात आणखी वीस मिनिटांनी. पेटीच्या बाजूच्या सहाही कुरणांत ओळीनं सहा पायऱ्या, आणि नोएलच्या बाजूच्या सहा पेट्यांत सरळसोट रेघ. मला त्या आलेखात ट्रॅक्टर चाललेला दिसला. मागे शेणपाण्याचा टँकर, भल्या सकाळी, एका कुरणातून दुसऱ्यात, आणि माझ्या बाजूचं शेवटचं कुरण संपल्यावर थेट घरी.

म्हणजे नोएलनं माझ्या गवताला जास्तीचं जेवण घातलं होतं. आणि कहर असा, की त्या दिवशी पेटीनं फवारायला हिरवा रंग दाखवलेला होता. पाणी ओढ्याला जाणार नाही, जमीन मुरवून घेईल, अशी खात्री करून त्यानं हे केलं होतं. चोरी केली तीही पेटीचा सल्ला घेऊन. मी खुर्चीत मागे रेलून हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. कारण हे कुणाला दाखवलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. पायऱ्या अगदी लहान होत्या. पेटी जिंकली होती, काम टिकलं होतं, खोकी बांधायची नव्हती. फक्त मला ती रेघ दिसली नाही असं म्हणायचं होतं.

घरी आईला सांगितलं. तिनं चपातीवरचा हात थांबवला नाही. "त्यो भला हाय," ती म्हणाली. "पर खोट्या वजनाचं दूध आपल्या दारातनं कधी गेलं न्हाई." दूध घालायला जाताना डेअरीत ती स्वतः माप धरून उभी राहायची, हे मला आठवलं. मापात एक थेंब जास्त पडला तरी ओतून काढायला लावायची. लोक तिला वेडी म्हणायचे.

मंगळवारी गवत मोजायच्या आधीच मी नोएलच्या टेबलावर तो आलेख ठेवला. त्याला आलेख वाचता येत होते, तोवर मीच शिकवले होते. त्यानं सहा पायऱ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"म्हणजे युअर मॅननंच माझं नाव सांगितलं," तो म्हणाला. हसायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण त्याला ते जमलं नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "या रस्त्यावरून सगळे गेले. मला वाटलं, निदान एक घर तरी थोड्या शेणानं थांबत असेल, तर थांबवावं."

मी आलेखाची घडी घातली. मग म्हटलं, चूक माझी आहे, मी तुम्हाला सांगायलाच नको होतं. अहवालातही मी तेच लिहिणार आहे, तुमचं नाव घेणार नाही. फक्त एक करा. "पुढच्या वर्षी त्यांनी मोजू दिलं, तर जो आकडा येईल तो मला सांगा. माझ्या विरुद्ध गेला तरी."

नोएलनं मान डोलावली. त्या दिवशी त्यानं चकली काढली नाही.

आमच्या प्रकल्पाची प्रमुख एलीश, कमी बोलणारी बाई. तिनं आलेख पाहिला, माझं एक पानी निवेदन वाचलं, आणि एकच विचारलं, तू त्याला तुझ्या नोकरीबद्दल सांगितलं होतंस? मी हो म्हटलं. सबंध हंगामाचे गवताचे आकडे बाद झाले. दोन महिने काहीच कळलं नाही. मंदारनं इंटरनेटवर दुसऱ्या गावातली घरं बघायला सुरुवात केली, आणि रेवा जेवताना गप्प राहू लागली. म्हणजे ते नुसतं गवत नाही, हे तिला कळलं होतं. दिवाळीच्या आठवड्यात एलीशनं बोलावून सांगितलं, की आणखी एक हंगाम मंजूर झालाय, आणि त्यानंतर मात्र निकाल काय तो निकाल. ती असंही म्हणाली, की ज्या बाईनं स्वतःचा आकडा स्वतः खोडला तिच्याच हातून तो पुन्हा मोजून घ्यावा असं तिला वाटलं. आईनं त्याच दिवाळीत कुणाबरोबर तरी डबा पाठवला. त्यावर चिठ्ठी होती, नोयलदादाला द्यावा. आम्हाला वेगळी चिवड्याची पिशवी.

हिवाळ्यात नोएलच्या कमरेचा खुबा दुखावला. शस्त्रक्रियेच्या रांगेत त्याचं नाव लागलंय, आणि इथली ती रांग आपल्याकडच्या कुठल्याही रांगेला मान खाली घालायला लावेल. यंदाचा तो न उठणारा वसंत त्यानं बराचसा खिडकीतून बघितला. लांबच्या कुरणांपर्यंत टाच न्यायला पाय हवा, आणि पायच चालेना. त्याच्या फोनवर नुसता लाल रंग, आणि सहा अंशांखाली गवत वाढत नाही, म्हणून जमिनीची ऊब विचारायला रोज सकाळी मला फोन. युअर मॅन काय म्हणतो? चार अंश म्हणतो, नोएल. आज? आजही चारच. गोठ्यात गाई हंबरताना मला फोनमधून ऐकू यायच्या. शेजाऱ्यांनी आपापल्या उरल्यासुरल्या चाऱ्यातून एकेक भारा आणून टाकला, आणि नोएलनंही त्याच्याहून अडलेल्या एकाला त्यातला एक दिला. या दिवसांत मला पेटीचा खरा उपयोग कळला. ती नोएलपेक्षा शहाणी नाही. त्याची टाच तिच्या दोन पावलं पुढंच असते. पण जिथं टाच पोचत नाही तिथं ती वाऱ्यात उभी राहते आणि घरात अडकलेल्या माणसाला त्याच्या जमिनीची खबर देते. अहवालात हे लिहायला रकाना नाही. मी तरी लिहिणार आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात ऊब चढली. एका सकाळी पेटी हिरवी झाली आणि नोएलनं गोठ्याचं दार उघडलं. साठ थोराड गाई वासरांसारख्या उड्या मारत सुटल्या, मागचे पाय झाडत, एकमेकींना ढकलत. नोएल काठीवर रेलून बघत होता आणि त्याला नाक शिंकरायला रुमाल लागत होता. मी तो क्षण आईला फोनवर ऐकवला. तिनं त्यातली एक हंबरलेली गाय ओळखली असं तिचं म्हणणं आहे.

गेल्या मंगळवारी आम्ही हंगामातली पहिली पुरी मोजणी केली. नोएल एका हातात आधाराची काठी, दुसऱ्या हातात मोजायची, असा रखडत चालत होता. मी म्हटलं, आज मी मोजते. त्यानं ऐकलं नाही. बारा कुरणांना आम्हाला दुपार झाली. गवत आखूडच, पण नवं, पोपटी, हाताला गार लागणारं. आधी माझी सहा झाली, मग त्याची. शेवटच्या कुरणाच्या दाराशी त्यानं काठीवरचा आकडा बघितला, मग वहीतला माझ्या बाजूचा आकडा मागितला. मी तो वाचून दाखवला. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काठीकडे बघितलं. ते दोन आकडे एकमेकांना इतके चिकटून होते, की वाचताना काठीवर बोट जरा इकडे धरलं असतं तरी निकाल फिरला असता. त्याला ते धरायचं होतं. मला त्याच्या हातावरून दिसत होतं.

"माझ्याकडचं जास्त आहे," तो म्हणाला. "युअर मॅन मागे पडला. लिही."

मी लिहिलं. एका मंगळवारानं हंगाम ठरत नाही, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. नोएल माझ्याकडे बघत नव्हता. आम्ही त्याच्या घराकडे परतलो. शेप पुढं, मी मधे, तो मागून.

त्यानं चहा ओतला. प्रेस उघडून आईचा डबा काढला, दिवाळीपासून दर मंगळवारी एक या हिशोबानं पुरवलेला. तळाशी एकच चकली उरली होती, सादळून मऊ पडलेली. त्यानं ती बशीत ठेवून मोडली, दोन्ही तुकडे नीट पारखून बघितले, आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.